निंबाजी शाहीर गड उतरला त्याची हकीकत

श्री. नादाचा धनी सदाशिव आणि वाणीची माउली शारदा, उभयतांचे पायी मस्तक ठेवून ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या घराण्याचे लोक आजही नांदतात आणि कोणास ओशाळवाणे व्हावे हा हेतू नाही. शके चौदाशे एकोणपन्नास, सर्वजित नाम संवत्सर, चैत्रमासी ही गोष्ट घडो लागली. त्या समयी एका डोंगरी राज्याचे महाराज कैलासवासी होऊन सात महिने जाहले होते, पोटी पुत्र नव्हता, आणि राणीसाहेब, ज्यांस सारा मुलूख आऊसाहेब म्हणे, त्या गडावर बसून राज्य चालवीत होत्या. त्यांचे पदरी निंबाजी गुरव नामे शाहीर होता. हा गडाखालचे गावच्या महादेवाचे गुरवाचा मुलगा. बाप देवापुढे सनई वाजवी, आणि याने चौघडा धरावा ऐसा कुळाचार. परंतु याचे चित्त शब्दांत फार. गावची म्हैस हरवली तरी तिजवर चार कडवी रचावी आणि पाणवठ्यावर म्हणावी, आणि बायांनी घागरी खाली ठेवून ऐकावे, ऐसा त्याचा बाळपणापासून नाद. पुढे एके दिवशी महाराज शिकारीहून येता त्यांचे घोडे देवळाचे कुंडात उतरले आणि पाणी गढूळ जाहले, तेव्हा निंबाजी डफ घेऊन वाटेत उभा राहिला आणि कुंडातले कासव धन्यापाशी फिर्याद करते ऐसे गाणे त्याने तेथेच रचून म्हटले. हुजऱ्यांनी त्याचे मानगुटीस हात घातला. महाराज मात्र घोड्यावर बसूनच पोट धरून हसले, कुंड उपसून स्वच्छ करविले आणि निंबाजीस गडावर नेले. तेथे त्याने गावे आणि खावे ऐसे चालिले. त्याची रीत अशी, की तलवारींवर फार गाऊ नये. मुदपाकातला आचारी, पखालवाला, माहूत, धान्य पाखडणारी बाई, यांवर गावे. महाराज एकदा रुसून म्हणाले, "अरे, आमचा पोवाडा केव्हा?" हा हात जोडून म्हणाला, "महाराज, आपण अजून काही केले नाही. करा, म्हणजे रचतो." सदर चपापली. महाराजांनी आपले अंगावरची शाल काढून त्याचे अंगावर घातली. ऐसा धनी आणि ऐसा चाकर.

त्याची बायको साळू ही गोंधळियाची लेक. शाहीर कडवे म्हणतो आणि मागे उभा राहून धृपद उचलतो त्यास झीलकरी म्हणतात, ती झील साळू धरीत असे, तुणतुणे छातीशी लावून, डोळे मिटून. तिचा आवाज ऐकोनच निंबाजीने तिजला मागणी घातली होती. जाणते लोक म्हणत की, निंबाजीचे गाणे अर्धे, साळूने उचलिले म्हणजे पुरे. उभयतां एका ताटात जेवीत आणि भांडतही बहुत, कारण साळूस एखादा शब्द रुचला नाही तर ती भर सदरेवर झील धरावयाची थांबे, आणि निंबाजीस तो शब्द बदलावा लागे.

ऐसे असता महाराज गेले आणि शेजारचे राज्याचे सेनापती सर्जेराव नाईक यांनी जाणिले की गडावर बाई बसली आहे, हीच वेळ. मग चार हजार माणूस घेऊन ते गडाखाली उतरले, चहूकडे मोर्चे लाविले आणि वाटा बंद केल्या. नाईक युद्धात कठीण माणूस. अभयाचा कौल दिला तर पाळावा, नाही दिला तर गाव जाळावे, मध्ये काही नाही. परंतु त्यांस गाण्याचे वेड मोठे. गडावर दाणा वर्षाचा होता. पाणी मात्र मागील साली पाऊस ओढून धरल्यामुळे टाक्यांत कमी. वैशाख लागला तैसे पाणी तळास गेले आणि माणशी दोन ओंजळी ऐसा नेम जाहला. निंबाजी रोज सूर्योदयी पूर्वेच्या बुरुजावर उभा राहून गाई आणि साळू झील धरी, आणि शिबंदीचे लोक म्हणत की आम्हांस हेच न्याहारीसारखे आहे. एके सकाळी निंबाजीने पाहिले की, गोलंदाजाची बायको आपले लेकरास टाक्यावर घेऊन आली, त्यास ओंजळीने पाणी पाजले आणि आपण ओठ पुसून तशीच माघारी गेली. त्यावर त्याने रचिले ते ऐसे:

टाक्यात पाणी ओंजळभर, त्यात आभाळ मावले ग,
तहानेल्या माझ्या लेकराने आभाळ पिऊन टाकले ग,
निंबा म्हणे, उद्यासाठी ग, देवाने दुसरे ठेविले ग.

हे बुरुजावरून म्हटले तेव्हा वारा खालचे अंगास होता. नाईकांचे बेलदार डोंगराचे पोटात सुरुंग खणीत होते, त्यांनी कुदळी खाली ठेविल्या. त्यांतील एकजण आपली पखाल गडाकडे धरून उभा राहिला, जणू काय वर पोचणार होती. नाईक स्वतः तंबूबाहेर येऊन उन्हात उभे राहून ऐकते जाहले, आणि त्या दिवशी त्यांनी सुरुंगाचे काम चालू करा ऐसे दोन प्रहरपर्यंत कोणास सांगितले नाही.

तिसरे दिवशी पांढरे निशाण घेऊन नाईकांचा वकील आला आणि आऊसाहेबांस एकांती भेटला. बोलणे ऐसे की, तुमचा शाहीर आम्हांस द्यावा, मग गडावरील जे हत्यार धरीत नाहीत, बायका, पोरे, म्हातारे, ते सारे आम्ही सुखरूप खाली जाऊ देऊ. परंतु शाहिराने आपले खुशीने धनिणीस सोडले ऐसे लोकांस दिसावे. आमचा शेला अंगावर घेऊन त्याने दिवसाउजेडी उतरावे, नाईक जिवंत आहेत तोवर आमचेपाशी राहावे, आणि खरे काय ते कोणास, कोणास म्हणजे घरच्या माणसासही, सांगू नये. आऊसाहेब म्हणाल्या, "नाईकांस गाणे पाहिजे की आमचे लोकांचा धीर मोडणे पाहिजे?" वकील प्रामाणिक होता. तो म्हणाला, "बाईसाहेब, दोन्ही. खाणारी तोंडे खाली घेतली तर वेढा लांबतो, हे त्यांस कळते. त्याचा मोबदला त्यांस हवा."

मग आऊसाहेबांनी निंबाजीस बोलावून सारे सांगितले आणि म्हणाल्या, "मी नाही म्हणून कळवते. तू आमचे घरचा माणूस. तुझे तोंडास काळे फासून मी लोक वाचवू काय?" निंबाजी काही वेळ पायाचे अंगठ्याने जमीन उकरीत राहिला. मग विचारता जाहला, "आऊसाहेब, टाक्यात किती दिवसांचे पाणी?" त्या म्हणाल्या, "नऊ. फार तर दहा." "आणि खाली जाणारे किती?" "चारशे बारा." "त्यांत साळू आहे ना?" "आहे." तो म्हणाला, "मग मला विचारता कशास? वकिलास थांबवून ठेवा, उन्हाचा आला आहे बिचारा." आऊसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला. निंबाजीने गडावरचे महादेवापुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली, तीच आऊसाहेबांनीही घेतली, आणि वकील साक्षीस होता.

दुसरे दिवशी सकाळी निंबाजी नाईकांचा जरीचा शेला अंगावर घेऊन, डफ खांद्यास लावून, चोरदरवाजाकडे चालो लागला. लोक तटावर जमले. प्रथम कोणास उमज पडेना, मग शेला दिसला आणि बोंब जाहली. कोणी चिखल मारिला, कोणी धोंडा मारिला तो कपाळी लागला आणि रक्त आले. साळू धावत आली आणि तिने वाट अडविली. म्हणाली, "धनी, कुठे निघालात?" तो म्हणाला, "खाली." "खाली काय आहे?" "पाणी आहे." साळूने त्याचे तोंडाकडे पाहिले. तिजला वाटले की यात काही डाव असेल, कारण हा माणूस असे बोलणारा नव्हे. ती हळू आवाजात म्हणाली, "एक शब्द सांगा. नुसता डोळा मिचकावा. मी गप्प बसेन." निंबाजीस बेलभंडार आठवला, आणि आजूबाजूस दोनशे डोळे होते, आणि त्याचा आपले बायकोचे चेहऱ्यावर भरवसा नव्हता, की तिने जाणिले तर तो चेहरा लपवू शकेल. त्याने शेला सावरला आणि म्हणाला, "सर बाजूला." साळू सरली. तो उतरला.

तीन दिवसांनी नाईकांनी दया केली ऐसा डांगोरा पिटून चारशे बारा जीव गडाखाली उतरविले, आणि वाटेने पाण्याचे रांजण भरून ठेविले होते, त्यांतले पाणी ते पोटभर प्याले. लष्करातून जाता नाईकांचे तंबूतून गाणे ऐकू आले. आवाज निंबाजीचा, आणि कडव्याचे शेवटी नाव सर्जेरावांचे. बायका थबकल्या. साळू म्हणाली, "चला ग. हा आवाज मी ओळखत नाही." आणि तिने माघारी पाहिले नाही. गड पुढे एकवीस दिवस टिकला. मग आऊसाहेबांचे माहेरची फौज मदतीस आली, तह जाहला आणि नाईक वेढा उठवून गेले. तहात आऊसाहेबांनी शाहीर परत मागितला. नाईक म्हणाले, "जे मागाल ते देतो. तो माझा, मरेपर्यंत. बोली तशी आहे."

निंबाजी नाईकांचे नगरात राहिला. खाणेपिणे उत्तम, राहण्यास माडी, आणि नाईक त्यास कधी अरे म्हणाले नाहीत. तो रोज गाई आणि चांगले गाई, कारण वाईट गाणे त्यास येत नव्हते. झील धरण्यास चौघे तयार गडी दिले होते, चौघेही सुरात. निंबाजी गाता गाता मागे वळून पाही आणि पुन्हा समोर पाही. नाईकांनी टाक्याचे गाणे एकदा मागितले. हा म्हणाला, "बाकी सारी आपली. ते गडाचे. ते मागू नये." नाईक म्हणाले, "बरे," आणि पुन्हा कधी मागितले नाही. ऐसी बारा वर्षे गेली.

शके चौदाशे एकसष्ट, विकारी नाम संवत्सरी, नगरात देवीची जत्रा भरली. निंबाजी बाजारात बांगडीवाल्यांचे ओळीतून चालला असता, झाडाखाली दोघी बाया आणि एक तुणतुणेवाला गात होते ते त्याचे कानी आले. टाक्यात पाणी ओंजळभर. तो जागीच उभा राहिला. बायांनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, लेकराने आभाळ पिऊन टाकले, आणि तेथेच हात जोडून गाणे संपविले. ऐकणाऱ्या बायांचे डोळ्यांस पाणी आले, कारण तेथे संपले म्हणजे उद्या काही उरत नाही आणि ते गाणे मरणाचे होते. निंबाजी पुढे होऊन म्हणाला, "बाई, यास अजून एक ओळ आहे." त्यांतली थोरली म्हणाली, "होती म्हणतात, दादा. आम्ही जिच्यापाशी शिकलो ती म्हणत नाही. त्यात एका फितुराचे नाव आहे, ते आपल्या तोंडी नको, असे सांगते." "ती कोण?" "साळूबाई. तिकडे डोंगरात तिचा फड आहे. मोठी गाणारी. आभाळ म्हणताना तिच्या गळ्याची शीर उभी राहते, पण पुढे म्हणत नाही ती नाहीच." निंबाजीने विचारिले, "बरी आहे ना?" बाई म्हणाली, "तुम्ही तिला ओळखता?" तो म्हणाला, "नाही. गाणे ओळखतो."

तो माडीवर गेला आणि त्याचे तोंडून शब्द निघेना. वैद्य आले, काढे दिले, मधात सुंठ दिली. आठ दिवसांनी बोलणे फुटले. परंतु गाण्याचा वरचा आवाज गेला तो गेला, खालचे चार सूर मात्र राहिले. नाईक त्या वेळी स्वतः पायाचे दुखण्याने खाटेवर होते. त्यांनी त्यास जवळ बसवून घडले ते विचारून घेतले, आणि म्हणाले, "निंबाजी, मी समजत होतो, एका शाहिराची बेअब्रू म्हणजे चार दिवसांची. लोक विसरतात." निंबाजी म्हणाला, "लोक विसरले असतील. गाणे शिकविणारी विसरली नाही." नाईक म्हणाले, "जावे, घरी जावे आणि सांगावे सारे. मी सोडतो तुम्हांस." निंबाजी म्हणाला, "न सांगण्याची शपथ आपणांपाशी घेतली नाही, महादेवापाशी घेतली. आणि मी आपले तोंडाने सांगितले तर कोण खरे मानील?" यावर नाईकांनी लेखक बोलाविला नाही. उशीस टेकून आपले हातांनी आऊसाहेबांस पत्र लिहिले, अक्षर वाकडे आले तरी लिहिले, की शाहीर फितूर नव्हता, मी मागितला, त्याने जीव वाचविले, लपविण्याची अट माझी होती आणि ती अट वाईट होती. त्याच वकिलाचे हाती ते पत्र रवाना केले, तो आता म्हातारा होऊन डोली करून गेला.

आऊसाहेबांनी दवंडी पिटवून खाली उतरलेल्यांपैकी जितके हयात होते तितके सदरेस बोलाविले. साळूही आपले फडाचे बायांसंगे आली. पत्र वाचून जाहल्यावर आऊसाहेब स्वतः उभ्या राहून म्हणाल्या, "मला हे बारा वर्षे ठाऊक होते. मीही शपथेने बांधलेली होते, आणि तरी मला लाज वाटते." लोक खाली पाहो लागले. ज्याने धोंडा मारिला होता तो रडो लागला. साळू रडली नाही. तिने तुणतुणे दुसरीचे हाती दिले, भाकरी बांधून घेतली आणि तशीच उठून चालो लागली. आऊसाहेबांनी घोडे देऊ केले, तिने घेतले नाही.

सातवे दिवशी ती नाईकांचे नगरास पोचली. निंबाजी विहिरीवर पाणी काढीत होता. त्याने पाहिले, आणि दोर हातचा सुटून घागर आत गेली. साळू म्हणाली, "पत्र ऐकले." तो म्हणाला, "हं." ती म्हणाली, "चारशे जीव वाचविले. ऐकून फार बरे वाटले. आता मला सांगा, त्या दिवशी मी डोळा मिचकावा म्हटले होते. का नाही मिचकावला?" तो म्हणाला, "शपथ होती." "शपथ होती हे खरे. दुसरे काय होते?" निंबाजी म्हणाला, "मला वाटले, तुझ्याने लपवणे होणार नाही. तुझ्या चेहऱ्यावर दिसेल आणि लोक समजतील." साळू म्हणाली, "बारा वर्षे मी गावोगाव उभी राहून गाते, पोटात काय जळते ते कोणास कळू दिले नाही. आणि माझ्याने लपवणे होणार नव्हते?" तो म्हणाला, "चुकलो, साळू." ती म्हणाली, "चुकलात." मग ती विहिरीत वाकून म्हणाली, "घागर काढा आधी. दुसऱ्याची आहे."

नाईकांनी मरेपर्यंत राहण्याची आपली अट सोडून, मानाची वस्त्रे देऊन उभयतांस निरोप दिला. वाटेने तीन दिवस साळू पुढे चालली, त्याजशी बोलली नाही. चौथे दिवशी कुंभारांचे एका गावी लोकांनी फडवाली म्हणून तिजला ओळखून गाण्याचा आग्रह केला. ती उभी राहिली, टाक्याचे गाणे म्हटले, आणि आभाळ पिऊन टाकले यावर थांबली नाही, निंबा म्हणे ही ओळ तिने म्हटली. तेथल्या बाया म्हणाल्या, हे असे आहे होय. निंबाजीचा वरचा आवाज गेला होता, तेव्हा तो न सांगता मागे जाऊन उभा राहिला आणि खालचे सुरात झील धरिता जाहला. एके ठिकाणी तो जरा लवकर उचलू लागला, तर साळूने वळून डोळे वटारले. पुढे सारी वर्षे फड साळूचा आणि निंबाजी झीलकरी ऐसेच चालिले. कोणी म्हणे, केवढा शाहीर, बायकोचे मागे उभा राहतो. तो म्हणे, "येथून बरे ऐकू येते."

दोन वर्षांनी, फड नाईकांचे नगराजवळचे गावी असता, सर्जेराव नाईक वारले ऐसी बातमी आली. निंबाजी डफ उतरवू लागला. साळू म्हणाली, "त्याचे चितेपाशी गाणार? ज्याने आपले घर मोडले त्याचे?" निंबाजी म्हणाला, "घर मोडले ते खरे. पण बारा वर्षांत मी गाताना त्याने कधी पान खाल्ले नाही, तो कोणाशी बोलला नाही, वळला नाही. आणि शेवटी पत्र लिहिले. मी जातो. तू येऊ नको." साळू म्हणाली, "एकटे गेलात म्हणजे वर कोण म्हणणार? आवाज आहे काय तुम्हांस?" आणि चरफडत त्याजबरोबर निघाली. नदीकाठी तिसऱ्या दिवसाचे विधी चालले होते, तेथे राखेपासून काही अंतरावर उभयतां उभे राहिले. नाईकांनी एकदा मागून पुन्हा कधी न मागितलेले ते गाणे साळूने म्हटले, सबंध म्हटले, आणि निंबाजीने झील धरली. बेलदारांपैकी जे म्हातारे होऊन जिवंत होते त्यांनी पागोटी काढली. गाणे संपल्यावर साळू राखेकडे पाहून म्हणाली, "ऐकलेत ना, नाईक? झाले तर मग," आणि नदीवर जाऊन तोंड धुतले.

तात्पर्य. निंबाजी गुरव शाहीर, वय वर्षे चौसष्ट, शके चौदाशे चौऱ्याहत्तरात आपले गावी महादेवाचे ओसरीवर निवर्तला, साळू पुढे सात वर्षे गात होती. पुरुष गुणी, धन्यापुढे खरे बोलणारा, दिल्या शब्दास जागणारा, आणि परक्या चारशेंवर आपली अब्रू ओवाळून टाकणारा ऐसा जाहला. दोष म्हणावा तर इतकाच, की साऱ्या जगाचे मन त्यास ओळखू आले, आणि पाठीशी उभे होते त्याची पारख उशिरा जाहली. तीही जाहली, हे त्याचे भाग्य. इति.